लग्नाची अर्धी भिंत

दुसरबीडचे पाहुणे आमच्या प्रतीक्षाला पाहायला आले, तेव्हा पोह्यांच्या बशा खाली ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, "मुलीचे काका काय करतात?"

असं सहसा वडिलांबद्दल विचारतात. पण वडील समोरच बसले होते, आणि त्यांचं शेत पाहुण्यांनी येताना रस्त्यावरूनच पाहून घेतलं होतं. त्यांच्याबद्दल विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. काका मात्र बाहेर ओट्यावर खुर्ची टाकून, पाठ रस्त्याकडे आणि तोंड भिंतीकडे करून बसले होते. आमच्या जानेफळात हे सगळ्यांच्या सवयीचं आहे. नव्या माणसाच्या नाही.

"पेंटर आहे," प्रतीक्षाचे बाबा म्हणाले.

"लिहितात," मी म्हणाले. दोघं एकदमच बोललो.

आणि बाहेरून, मान न वळवता, भाऊजींचा आवाज आला, "पुसतो."

नवरदेवाचे वडील म्हणाले, "छान, छान." माणसाला काहीच कळलं नाही की तो दोनदा छान म्हणतो. भाऊजींच्या चित्रांसमोर उभ्या राहणाऱ्या लोकांकडून मी हे शिकले आहे.

चिंतामण माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. नागपूरला चित्रकलेचं शिक्षण अर्धं घेतलं आणि मुंबईला जाऊन तेवढंही विसरलो, असं ते स्वतःच सांगतात. मुंबईत त्यांच्यासारखेच चार-दोन जण होते. ते मिळून एक मासिक काढत, ते नकाशासारखं उलगडावं लागे. मग भाऊजींनी गोणपाटावर कविता रंगवायला घेतल्या. एकच ओळ एकाच जागी इतक्यांदा लिहायची, की शेवटी नुसता काळा डाग उरायचा. त्या डागांचं प्रदर्शन भरलं. एका बाईंनी विचारलं, "ही कविता आहे की चित्र?" भाऊजी म्हणाले, "डोळे दुखले तर चित्र, डोकं दुखलं तर कविता." पेपरात हे छापून आलं. ते कात्रण माझ्या सासूबाईंनी देवघरात ठेवलं होतं, वाचता येत नव्हतं तरी.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा भाऊजी थोड्या दिवसांसाठी म्हणून गावी आले आणि राहिलेच. एका शाळेत चित्रकला शिकवायला लागले. पुण्याहून त्यांचं पुस्तक निघालं. त्यात एक पान सरळ, एक आडवं, एक उलटं, एक गोल गोल फिरणारं. प्रतीक्षाच्या बाबांनी ते मोठ्या मनानं वाचायला घेतलं आणि हातात फिरवत फिरवत दहाव्या पानावर थांबून विचारलं, "चिंतू, हे पुस्तक हाय का स्टेरिंग बे?"

आणि पोळ्याची कविता तर गावात अजून कोणी विसरलेलं नाही. भाऊजींनी गावातल्या बैलांच्या पाठीवर गेरूनं एकेक शब्द लिहिला. बैल वेशीत तोरणाखाली ओळीनं उभे राहिले की कविता वाचता येणार, असा बेत. पण बैल काय भाऊजींच्या ओळीत उभे राहतात? कोणाचा पुढे, कोणाचा मागे, एक जोडी तर मधूनच घरी निघून गेली. भाऊजी वेशीवर चढून खूश होऊन ओरडत होते, "आता पाहा! आता पाहा! पुन्हा बदलली!" खाली भांडण लागलं होतं. पाटलाच्या बैलावर 'आभाळ' आणि आमच्या घरच्या बैलावर नुसतं 'आणि'. प्रतीक्षाचे बाबा आठ दिवस भावाशी बोलले नाहीत. "सख्ख्या भावाच्या बैलाले आणि? आणि?" भाऊजी त्यांना पुन्हा पुन्हा समजावत होते, "दादा, सगळ्यात महत्त्वाचा शब्द तुले देल्ला." ते खरं होतं की थट्टा, हे मला आजही ठरवता येत नाही.

भाऊजींचं सगळंच असं. इतकी वर्षं मी त्यांना चहा देते, पण ते काय करतात हे मला सांगता येत नाही. चित्र म्हणून पाहायला जावं तर त्यात अक्षर दिसतं, अक्षर म्हणून वाचायला जावं तर त्याचं झाड होतं. मी शिकले ती सातवीपर्यंत. पुढचं पुड्यांचे कागद वाचून आणि भाऊजींची कपाटं आवरताना. मला वाटायचं आपल्यालाच कळत नाही. मग पुण्याहून एक शिकलेला मुलगा आला, दिवसभर मोबाईलवर त्यांचं शूटिंग केलं आणि जाताना मला हळूच म्हणाला, "काकू, त्यांना नेमकं काय म्हणायचं असतं?" तेव्हा जरा बरं वाटलं.

मागच्या दोन वर्षांत भाऊजींचा उजवा हात कापायला लागला. मेहकरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप येते, हात थांबत नाही. मी त्यांना चहा अर्धा कपच देते, म्हणजे सांडत नाही, आणि मग थोड्या वेळानं उरलेला अर्धा. त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ब्रश मात्र त्यांनी हात कापायला लागल्यापासून धरला नव्हता. भिंतीकडे तोंड करून बसायला लागले ते तेव्हापासून.

असं सगळं असताना प्रतीक्षाचं लग्न ठरलं. मुलगा हर्षल, चांगला आहे, हसतो आधी आणि बोलतो नंतर. आमच्याकडे लग्नघराची दर्शनी भिंत रंगवतात. चुन्यानं पांढरी करायची, वर गणपती, दोन बाजूंना दोन हत्ती, सोंडेत माळा, आणि मध्ये मोठ्या अक्षरांत वधू-वरांची नावं. लग्न होऊन जातं, पोरीला लेकरं होतात, तरी ती नावं भिंतीवर फिकट फिकट होत राहतात. गावात ते काम नागसेन करतो. त्याच्याकडे हत्तीचा पुठ्ठ्याचा साचा आहे. सरळ ठेवला की डावीकडचा हत्ती, उलटा केला की उजवीकडचा.

"नागसेनले सांगून देतो," प्रतीक्षाचे बाबा म्हणाले.

"नाही," प्रतीक्षा म्हणाली. "माह्यी भिंत काका काढतीन."

"अवं, काकाचा हात..."

"मले माहीत हाये हाताचं. काकाच काढतीन."

ही पोरगी लहानपणापासून अशीच. बाबा तिला 'सरपंच' म्हणतात ते उगाच नाही. ती सरळ ओट्यावर गेली आणि खुर्चीसमोर, म्हणजे भिंत आणि भाऊजी यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं भाऊजी आत आले आणि म्हणाले, "वयनी, चुनाच लावजा. डिस्टेंपर नको."

मी दिवाळीला लावते तसा नीळ घालून चुना लावला. भिंत उन्हात डोळ्यांना खुपायला लागली. बाबांनी भावाला एकच गोष्ट बजावली, आणि ती माझ्यासमोर बजावली, म्हणजे साक्षीदार असावा. "हे पाय चिंतू. हळदीच्या दिवशी त्यांच्या बाया उष्टी हळद घेऊन येतीन. त्यांची बुढी लय कडक हाय म्हणते. त्याच्या आत भिंत लग्नाच्या भिंतीसारखी दिसली पायजे. नाहीतर मी सगळी पांढरी करून टाकीन. मंग रुसू नको."

"नाही रुसत," भाऊजी म्हणाले.

पण मला धाकधूक लागली ती तिथूनच. रुसणं ही वेगळी गोष्ट. दोन वर्षांनी माणूस ब्रश हातात घेतो आहे आणि ते काम चुन्याखाली गेलं, तर तो पुन्हा घेईल का? तो खुर्ची भिंतीकडे करून बसेल आणि मग त्या खुर्चीतच बसून राहील. हे एवढं एक मला समजत होतं. बाकी काही नाही.

भाऊजींनी हत्ती काढला नाही. गणपतीही काढला नाही. ते आधी गावात फिरून आले. पोरीच्या हळदीचं निमंत्रण द्यायला निघाल्यासारखे घरोघर गेले आणि प्रत्येकाला विचारलं, "आमच्या पोरीले तू काय म्हणून हाक मारतो?" मग पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्यांची जुडी बांधून तिचा कुंचला केला, उजवा हात डाव्या हातानं मनगटाशी धरला, आणि गेरू, काजळी, नीळ असं घेऊन भिंतीच्या डाव्या कडेपासून लिहायला सुरुवात केली. सरपंच. मायबाई. ठमे. शेजारच्या अन्नपूर्णाबाई बोळक्या तोंडानं म्हणतात तसं 'पत्तिक्शा'. किराणा दुकानदार बाबांच्या नावानं म्हणतो ते 'भगवानरावची पोरगी'. रागावले की मी म्हणते ते 'भवाने'. तेसुद्धा लिहिलं. लग्नाच्या भिंतीवर, गेरूनं, हातभर मोठं.

"भाऊजी, ते कायले लिहिता?" मी म्हटलं. "लोकं काय म्हणतीन?"

"तुम्ही म्हणता ना?"

"मी रागानं म्हणते."

"मंग रागानंच लिहिलं मी," ते म्हणाले. आणि खरंच, त्या अक्षराच्या डोक्यावरची रेघ मी दार आपटते तशी दिसत होती.

हात कापत होता म्हणून प्रत्येक अक्षराला झालर आल्यासारखी झाली होती. एकावर एक, तिरकी, उलटी, छोटी, मोठी. दोन दिवसांत ती अर्धी भिंत अशी भरली, की जवळून पाहावं तर हाकाच हाका, आणि रस्त्यापलीकडून पाहावं तर भलतंच काहीतरी. काय, ते कोणाला ठरवता येईना. चौकातली माणसं कामधंदा सोडून उभी राहायला लागली.

"वावटळ हाये."

"वावटळ कायची बे? विहीर हाये. वरून पाह्यल्यावानी."

"म्हैस बसली हाये. ते पाह्य शिंग."

"म्हैस? लग्नाच्या भिंतीवर?"

"कवी माणूस हाये बाप्पा. म्हैस काढूही शकते."

मला सकाळी विहीर दिसली, दुपारी वावटळ, आणि संध्याकाळी चूल पेटवायला बाहेर आले तर खरोखर म्हैस दिसली. मी कोणाला सांगितलं नाही.

इथवर बाबांनीही दात-ओठ खाऊन सहन केलं. पण भिंतीच्या बरोबर मध्यावर येऊन भाऊजी थांबले. जुडी पाण्यात टाकली, हात धुतले, खुर्चीत जाऊन बसले. उजवीकडची अर्धी भिंत पांढरी सफेद. आणि नवरदेवाचं नाव कुठेच नाही.

"हर्षलचं नाव?" बाबांनी विचारलं.

"त्याले मी ओळखत नाही. त्याले घरी कोण काय हाका मारते, ते मले काय माहीत? न ओळखता कसं काढू?"

बाबांना हे पटलं नाही, पण त्यात काहीतरी करण्यासारखं सापडलं, म्हणून त्यांनी लगेच दुसरबीडला फोन लावला. व्याह्यांना विचारलं, "हर्षलले तुम्ही घरी काय म्हणता?" तिकडं त्यांनी आत कोणाला तरी विचारलं. मग उत्तर आलं, "हर्षल." बाबा म्हणाले, "दुसरं काही?" तिकडून जरा भ्यालेल्या आवाजात, "तसं काही नाही हो. निर्व्यसनी आहे." फोन ठेवल्यावर बाबांनी कपाळाला हात लावला.

मी प्रतीक्षाला विचारलं, "तुले काही सांगतलं का काकानं, ती बाजू कोरी काऊन ठेवली ते?"

"हो. काका म्हणले, ती बाजू तुह्यीच आहे. पण तू तथी अजून गेली नाही, तर मी काय लिहू?" एवढं सांगून ती मोबाईलमध्ये बघायला लागली. डोळे भरलेले होते, म्हणून मी तिथून उठले.

चहाचा पहिला अर्धा कप घेऊन मी ओट्यावर गेले. विचारलं, "भाऊजी, खरं सांगा. ती बाजू कोरी काऊन?"

त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला. "वयनी," ते म्हणाले, "हात थकला. तितकंच जमलं."

आता करा काय करायचं ते. एका भिंतीची तीन उत्तरं. भावाला एक, पुतणीला एक, मला एक. पहिलं खरं असेल तर नाव मिळवून लिहून टाकावं. दुसरं खरं असेल तर हात लावू नये. आणि तिसरं खरं असेल, तर नागसेनला बोलावून उरलेली बाजू भरून घ्यावी, म्हणजे भाऊजींची अर्धी तरी वाचेल. मी उरलेला अर्धा कप द्यायचा विसरले आणि चहा चुलीवर आटून गेला.

बाबांनी मात्र ठरवलं होतं. हळदीच्या आदल्या दिवशी नागसेन साचा, डबे घेऊन हजर. त्यानं कोऱ्या बाजूला पेन्सिलनं दोन आडव्या रेघा मारल्या, साचा टेकवला, मग मागे येऊन भाऊजींच्या बाजूकडे पाहिलं. पाहतच बसला. शाळेत तो भाऊजींचा विद्यार्थी होता.

"सर, हत्ती टाकू का?"

"टाक."

"सोंड तुमच्या बाजूनं करू का तिकडं?"

"तुले पायजे तशी कर."

"चालते का तुमच्या कामाले लागून?"

"चालते ना बे. टाक."

नागसेननं ब्रश उचलला. खाली ठेवला. पुन्हा उचलला. मग माझ्याकडे येऊन हळू आवाजात म्हणाला, "वयनी, सर टाक म्हणतात तवा टाकायचा असते का नसते?"

"मी काय सांगू? तू विद्यार्थी ना त्यांचा?"

"मले तवाही समजत नोतं," नागसेन म्हणाला. "एकदा म्हणले, आपल्या नावाच्या अक्षरांतून आपलं तोंड काढा. मी काढलं. म्हणले, छान हाये, आता तोंड पुसून टाक. मी पुसलं. म्हणले, हे जास्त छान हाये. मी घरी जाऊन रडलो." त्यानं चहा घेतला, साचा काखेत मारला आणि "उद्या सकाळी पाहतो" म्हणून गेला. सकाळी पाहतो याचा अर्थ काय, हे मात्र भाऊजींचं नसल्यामुळे मला समजलं.

हळदीच्या दिवशी सकाळी बाबांनी चुन्याची बादली भिजवून ओट्यावर आणून ठेवली. पांढऱ्या हाताने धोतर झटकत माझ्यासमोर उभे राहिले. "नागसेन येत नाही आता. त्यांच्या बाया चारले येतीन. सगळी पांढरी करून टाक. कोरी भिंत चालते. अर्धी नाही चालत. अर्धवट काम, म्हणजे अर्धवट लग्न, असं म्हणतीन त्या. पोरीले जन्मभर ऐकवतीन."

"तुम्हीच मारा ना मंग," मी म्हटलं.

त्यांनी बादलीची कडी सरळ केली. थोडा वेळ भिंतीकडे पाहत राहिले. त्यांची नजर 'सरपंच' वर होती, ते मी पाहिलं. मग म्हणाले, "मले मंडपवाल्याकडं जायचं हाये," आणि गेले. मंडपवाला समोर दिसत होता, दोर बांधत होता. हे गेले उलट्या बाजूला.

उरलो मी, बादली आणि भाऊजी. मी चुना लावायची कुंची हातात घेतली.

"भाऊजी, पांढरी करू का?"

"करा," ते म्हणाले.

"सगळी?"

"दादा म्हणला ना? करा." आणि ते उठले, खुर्ची उचलली आणि चुन्याचे शिंतोडे उडू नयेत इतकी मागे नेऊन ठेवली. मग बसले. माझ्याकडे तोंड करून.

चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. त्यांनी 'नको' म्हटलं असतं तर मी कुंची फेकून दिली असती आणि नवऱ्याशी भांडले असते. त्यांनी 'कराच' म्हटलं असतं तर केलं असतं. ते नुसते बघत होते, जसं काही मी करणार आहे तेसुद्धा बघण्यासारखं आहे.

मी डाव्या बाजूसमोर उभी राहिले. कुंची बादलीत बुडवली. समोर 'मायबाई' होतं. ही हाक माझी आहे. पोरगी तापानं फणफणली होती तेव्हापासूनची. मी कुंची घेऊन उजवीकडे गेले आणि कोऱ्या बाजूला चुना लावायला सुरुवात केली.

आधीच पांढऱ्या असलेल्या भिंतीला मी पुन्हा पांढरं करत होते. नागसेनच्या पेन्सिलच्या दोन रेघा होत्या, त्या पुसल्या. पोरांचे धुळीचे हात लागले होते, ते झाकले. वरपासून खालपर्यंत, आडवा हात मारून उभा हात. घरात बसलेल्या बायकांना कुंचीचा आवाज ऐकू जात होता, त्यामुळे काम चालू आहे असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं. ही बाजू संपली की ती घेऊ, असं मी मनाशी म्हणत होते, आणि ही बाजू संपत आली की पुन्हा वरून सुरू करत होते.

तेवढ्यात क्रूझरचा हॉर्न वाजला.

दुसरबीडच्या बायका चारला नव्हत्या आल्या. उन्हाच्या आत पोचू म्हणून पहाटेच निघाल्या होत्या. गाडीतून एकीमागून एक उतरल्या, सगळ्यांत शेवटी नवरदेवाची आजी केसरबाई. कडेवर हळदीचं पातेलं, वर केळीचं पान झाकलेलं. मी गुडघ्यापर्यंत चुन्यानं माखलेली, पदर खोचलेला, हातात कुंची. लेकीच्या सासरच्या माणसांपुढे आई अशी उभी. गेले होते त्याच बाजूनं बाबा धावत आले, भिंतीकडे पाहिलं आणि जागेवरच थांबले.

केसरबाईंनी कपाळावर हात धरून भिंत पाहिली. आधी भाऊजींची बाजू. बराच वेळ. मग ओल्या चुन्यानं चमकणारी कोरी बाजू. मग माझी कुंची.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "एवढी मोठी जागा सोडली?"

मी कुंची पाठीमागे लपवली.

"आमच्यात दाराजवळ हातभर पट्टी ठेवतेत कोरी. नवरदेवाकडच्या बायांनी हळदीचे हात उमटवायला. तुमच्याकडं ही रीत नाही म्हणून सांगितलं मला कुणीतरी. म्हणून म्हणलं, जाऊ द्या, नसली तर नसली." त्यांनी पातेलं ओट्यावर टेकवलं. "अन् तुम्ही अर्धी भिंत ठेवली व्हय? अन् आत्ता, आमच्या येण्यावर चुना ताजा केला?"

"हाव," प्रतीक्षाचे बाबा म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहिलं. "आमच्या चिंतूनं मुद्दाम ठेवली. म्हणला, त्यांची जागा त्यांनीच भरली पायजे."

"असं म्हणले?"

"म्हणजे... तसंच म्हणला," बाबा म्हणाले, आणि भावाकडे पाहायचं टाळलं.

केसरबाईंनी पान बाजूला केलं, दोन्ही हात मनगटापर्यंत हळदीत बुडवले आणि चपळाईनं पुढे होऊन माझ्या ओल्या चुन्यावर थाड्‌दिशी ठेवले. मागोमाग बाकीच्या. चुलत्या, माम्या, नणंदा, एक कडेवरचं मूल. थाड्‌, थाड्‌, थाड्‌. पिवळे हातच हात.

आणि ते पिवळे राहिले नाहीत. ओला चुना आणि हळद. हात उचलला की बघता बघता कडेनं लाली चढायची, बोटं लाल, तळवा लाल, आणि मनगटापर्यंत सगळं कुंकवासारखं होऊन जायचं. कोणत्या बाईला हे ठाऊक नाही? घरोघर कुंकू असंच करायचे. पण माणसाच्या उंचीच्या भिंतीवर, डोळ्यांदेखत, इतके हात एकदम लाल होताना मी कधी पाहिले नव्हते. बायका आपलाच हात बघत बाजूला व्हायच्या आणि दुसरा ठेवायला पुन्हा यायच्या. रस्त्यावरच्या माणसांचं वावटळ-विहीर बंद झालं. जागा संपली तेव्हा एका मामीनं बिनदिक्कत भाऊजींच्या बाजूला, 'भवाने' वर हात ठेवला. तिथे चुना वाळलेला होता. तो हात पिवळाच राहिला.

मी वळून पाहिलं. भाऊजी खुर्चीतून उठले होते. उजवा हात कापत होता आणि त्यांना तो धरायचंही भान नव्हतं. ते हसत होते का रडत होते, ते सांगता येत नाही. पोळ्याला वेशीवर चढले होते तेव्हा असाच चेहरा होता, पण तेव्हा ते ओरडत होते.

केसरबाई हात धूत माझ्याजवळ आल्या. "तुमचे दीर काय करतेत म्हणे?"

मी पुन्हा 'लिहितात' म्हणणार होते. मग भिंतीकडे पाहिलं. त्या बाजूला त्यांनी काही लिहिलंही नव्हतं, काही रंगवलंही नव्हतं. मी म्हटलं, "जागा ठेवतात." हे बरोबर होतं की नाही, देव जाणे. केसरबाई एकदाच "छान" म्हणाल्या.

लग्न झालं. प्रतीक्षा गेली. गाडीत बसताना तिनं आम्हा दोघांना मिठी मारली आणि भिंतीला हात लावून गेली. कोणत्या बाजूला लावला, ते गर्दीत मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटत होतं. मी चहा केला आणि ओट्यावर गेले. भाऊजींनी खुर्ची फिरवली होती, पण रस्त्याकडे नाही, तिरपी. तिथून दोन्ही बाजू दिसत असाव्यात. पायाशी पऱ्हाटीच्या काड्यांची नवी जुडी होती, अजून न बांधलेली.

"वयनी, एक पुसू का?"

"पुसा."

"तुम्ही त्या दिवशी कोऱ्या भिंतीले चुना काऊन लावला?"

मी उभी राहिले. खरं म्हणजे मी याचा विचारच केला नव्हता. 'मायबाई' पुसवेना म्हणून? नवऱ्याला आवाज ऐकू जावा म्हणून? का ती बाजू खरोखर मळली होती म्हणून? एकेक करून तिन्ही खरी वाटली आणि तिन्ही खोटी. भाऊजी वाट पाहत होते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, थट्टा नव्हती.

"हात थकला होता," मी म्हटलं. "तितकंच जमलं."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली, कळल्यासारखी. काय कळलं, ते मी विचारलं नाही. अर्धा कप त्यांच्या हातात दिला, आणि त्यांनी तो रिकामा करेपर्यंत खाली बसून पऱ्हाटीची जुडी बांधायला घेतली. सुतळी किती घट्ट आवळायची असते, ते मला माहीत नव्हतं. मी आपली बांधली.